उतारवयात समुद्राजवळ राहायचंय, पण नेमकं कुठे? (कोल्हापूर आणि पनवेल दोन्ही गाठता यायला हवं)

गोपाचल
नमस्कार मंडळी.
आम्ही दोघं, वय ६४ आणि ६१, ग्वाल्हेरला राहतो. इथे जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो आणि धुक्यामुळे कित्येक दिवस ऊन दिसत नाही. सौ.ला संधिवात, मला जुना दमा. डॉक्टर म्हणतात, उबदार हवेत जा. मुलगी कोल्हापुरात, मुलगा पनवेलला. कुणाच्या घरात कायमचं राहायचं नाही, पण अडीनडीला दोघांनाही त्याच दिवशी पोचता यावं.

एकूण खर्चाची मर्यादा ४५ लाख (घर, नोंदणी, डागडुजी सगळं धरून). पेन्शन महिना ४० हजारांच्या आसपास. मनात बैठं घर, चार आंब्याची झाडं आणि समुद्राची गाज. यादीत दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला ही नावं आहेत. माहितगारांनी कृपया स्पष्ट लिहावं.

मालवणी_मसालो
येवा, कोकण आपलाच आसा! फक्त सातबाऱ्यावर तेवीस नावां आसत, त्यातली पंधरा मुंबयत, चार बडोद्याक, दोगांचो पत्तो नाय आणि उरलेले दोग एकमेकांशी बोलनत नाय.

सुरंगी
वरचा विनोद नाही, माहिती आहे. :)

गोपाचल, मुळात 'उबदार' हीच अट असेल तर दापोली पहिल्यांदा खोडा. दापोली गाव किनाऱ्यावर नाही, सुमारे अडीचशे मीटर उंच पठारावर आहे. म्हणूनच तिला मिनी महाबळेश्वर म्हणतात. थंडीच्या लाटेत तिथला पारा दहाच्या खाली उतरल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात. खाली हर्णै, मुरूड, आंजर्ले इथे तसं होत नाही. रत्नागिरीत जानेवारीत पहाटे साधारण १८-१९ आणि दुपारी ३०-३१. वेंगुर्ला, मालवण थोड्याफार फरकाने तेच. किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत गेलात (कुडाळ, सावंतवाडी) की रात्री तीन-चार अंशांनी गार. तुम्हा ग्वाल्हेरवाल्यांना तीही थंडी वाटणार नाही.

माझं मत रत्नागिरी शहर. कारणं तीन: रेल्वे स्टेशन शहरालगत (कुवारबाव), जिल्हा रुग्णालय आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गावातच, आणि आंबा घाटाने कोल्हापूर १३० किमी. पनवेलला रेल्वेने पाचएक तास. तुमच्या दोन्ही टोकांना एका दिवसात जोडणारं यादीतलं हे एकच गाव.

खाडीपलीकडे
रत्नागिरी शहरच घ्यायचं तर मग पुणं काय वाईट? गुहागरला रुंद, स्वच्छ पुळण आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, गर्दी अजून बेताची आहे. वेळणेश्वर, हेदवी जवळ. ४५ लाखांत गुहागरात घर होईल, रत्नागिरीत फ्लॅटच मिळेल.

सुरंगी
@खाडीपलीकडे, गुहागर सुंदरच. पण सर्वात जवळचं स्टेशन चिपळूण, ४५ किमी. कोल्हापूरला जायचं तर आधी चिपळूण, मग कुंभार्ली घाट, कराड आणि तिथून खाली दक्षिणेला. संधिवाताच्या माणसाला तो सगळा दिवस गाडीत बसवून बघा. शिवाय तज्ज्ञ डॉक्टर हवा तर पुन्हा चिपळूणच.

रेल्वेवेडा
दळणवळणाचं मी सांगतो.

वंदे भारत (मुंबई-मडगाव) पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवली इथे थांबते. कुडाळ आणि सावंतवाडीला थांबत नाही, हे सिंधुदुर्गवाल्यांनी लक्षात ठेवावं. पावसाळी वेळापत्रक लागलं की ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. बाकी गाड्याही वेग कमी करून चालवतात, त्यामुळे जून ते ऑक्टोबर प्रवासाला तास-दीड तास जास्त धरा. दरड आली तर तो दिवस गेला. जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या, तुतारी या रोजच्या. मालवणला रेल्वे नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी.

ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: पुरुष ६०, स्त्रिया ४५ पासून. तिकीट काढताना तो कोटा वेगळा निवडावा लागतो, आपोआप मिळत नाही. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या आठवड्यात मुलाला पनवेलहून यायचं असेल तर साठाव्या दिवशी सकाळी आठला संगणकासमोर बसायला सांगा. आठ वाजून पाच मिनिटांनी फक्त प्रतीक्षायादी दिसते.

एसटीत ६५ पूर्ण झाली की अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत. बायकांना वयाची अट न ठेवता अर्धं. म्हणजे वहिनींना आजपासून, तुम्हाला पुढच्या वर्षी.

मालवणी_मसालो
चिपी विमानतळ इसारलास?

रेल्वेवेडा
विसरलो नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण सेवा कधी असते, कधी नसते. त्या भरवशावर घर घेऊ नये. वेंगुर्ला-सावंतवाडीकरांना गोव्यातलं मोपा (जानेवारी २०२३ पासून) जास्त कामाचं. पण यांना ग्वाल्हेरला परत जायचं नाहीये, पनवेलला जायचंय.

नाडीपरीक्षा
जरा थांबा. कुणीच दम्याकडे पाहिलं नाही.

कोरडी थंडी सुटेल हे खरं, पण कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८५-९० टक्के असते. भिंतींना, गाद्यांना, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. धुळीतले सूक्ष्म किडे ५०-६० टक्क्यांच्या वर जोमाने वाढतात. बुरशीची किंवा या किड्यांची ॲलर्जी असेल तर दमा इथे वाढूही शकतो. म्हणून घर ठरवण्याआधी ॲलर्जीची तपासणी करून घ्या. ग्वाल्हेरचा दमा धूर, धूळ आणि थंड हवेने चाळवत असेल तर फायदा होईल. बुरशीने चाळवत असेल तर नाही.

व्यवहारातल्या गोष्टी: लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. कापसाच्या गाद्या नकोत. झोपण्याच्या खोलीत एसी 'ड्राय' मोडवर दिवसातून दोन-तीन तास किंवा दिवसाला १२ ते २० लिटर पाणी ओढणारा डीह्युमिडिफायर. कॅप्सूल घालून ओढायचा इन्हेलर वापरत असाल तर पावसाळ्यात ती पावडर ओल धरून गोळा होते आणि औषध पूर्ण आत जात नाही. कॅप्सूल पाकिटातून आयत्या वेळीच काढा, किंवा डॉक्टरांना विचारून फवाऱ्याचा पंप स्पेसरसह घ्या.

संधिवाताचं: उबेने कडकपणा कमी होतो, पण तो आमवात असेल तर हवा बदलून औषध सुटत नाही. दर काही महिन्यांनी रक्ततपासणी आणि तज्ज्ञ लागतोच. संधिवाततज्ज्ञ कोल्हापुरात आहेत, म्हणजे मुलीकडे जाणं आणि तपासणी एकाच फेरीत बसवता येईल.

आता हृदय. दोघं साठीच्या पुढे आहात म्हणून लिहितो. गाव ठरवताना 'दवाखाना आहे का' असं विचारू नका. विचारा: अँजिओग्राफीची कॅथलॅब चोवीस तास चालू असते का? हृदयरोगतज्ज्ञ गावात राहतो की आठवड्यातून एकदा येतो? सीटी स्कॅन रात्री होतो का? झटका आला आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन जवळच्या ठिकाणी देऊन मग पुढे पाठवतात. ते इंजेक्शन तिथे देतात का, हे आधी जाऊन विचारून ठेवावं. पक्षाघातात साडेचार तासांची मुदत, तीही सीटी झाल्यावर. रात्री दोनला, पावसात, घाटातून कोल्हापूर गाठण्याचं गणित मांडून बघा, म्हणजे समुद्रकाठच्या एकट्या घराचा मोह कमी होईल.

घाटमाथा
आंबा घाट जुलै २०२१ मध्ये खचून अवजड वाहनांना बंद झाला होता. करूळ घाट (वैभववाडी-गगनबावडा) २०२४ मध्ये कामासाठी महिनोन्महिने बंद. तेव्हा भुईबावड्यातून जावं लागे. फोंडा आणि आंबोली हे आणखी दोन. रत्नागिरीकराला कोल्हापूरसाठी व्यवहारात आंबा हा एकच घाट. कणकवलीकराला मात्र करूळ, भुईबावडा, फोंडा असे तीन पर्याय. सुरंगी यांच्या रत्नागिरीप्रेमाला एवढंच उत्तर.

सुरंगी
मान्य. कणकवली यादीत घ्यायला हरकत नाही. वंदे भारतचा थांबा आहे, करूळ घाटाने कोल्हापूर रत्नागिरीपेक्षाही जवळ, शिवाय पडव्याचं मोठं रुग्णालय आणि ओरोसचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही जवळ. पण समुद्र तीस-चाळीस किलोमीटर लांब. मग 'समुद्राची गाज' हा मुद्दा गेला.

मालवणी_मसालो
गाज म्हणजे पयल्या महिन्यात संगीत, दुसऱ्या महिन्यात आवाज आणि तिसऱ्या महिन्यात गंज.

चिरेबंदी
गंजावरून आठवलं. बांधकामाचं लिहितो, जरा मोठं होईल.

समुद्रापासून पाचशे मीटरच्या आत खारा वारा लोखंड खातो. साधी ग्रिल दोन पावसाळ्यांत फुगते. जवळ राहायचंच असेल तर बिजागऱ्या, कड्या, नळ ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. बाजारात सर्रास मिळतं ते ३०४, त्यावर डाग पडतात. खिडक्या यूपीव्हीसी किंवा पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या. एसीचं बाहेरचं युनिट समुद्राच्या विरुद्ध बाजूला आणि गोड्या पाण्याने महिन्यातून एकदा धुवायचं.

काँक्रीट: आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) नुसार किनारी हवा 'सिव्हिअर' वर्गात मोडते. म्हणजे किमान एम ३० काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी आवरण. गावचा ठेकेदार एम २० आणि २५ मिमीवर उरकतो. दहा वर्षांनी छताचे पोपडे पडून सळ्या दिसायला लागतात, आणि तेच घर 'थोडं रंगकाम बाकी' म्हणून तुम्हाला विकलं जातं. जुना स्लॅब घेताना नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आतली सळई फुगली आहे. खाडीची वाळू वापरली असेल तर काहीही करा, गंज थांबत नाही.

म्हणून मी जांभ्याच्या चिऱ्याची भिंत आणि मंगलोरी कौलं याच्या बाजूने आहे. पण त्याचाही खर्च असतो. दर मे महिन्यात कौलं परतून घ्यावी लागतात, फुटकी बदलावी लागतात. वाशांना वाळवी लागते. साग, फणस, ऐन असेल तर टिकतं, नाहीतर वाशांना दर दोन वर्षांनी वाळवीचं औषध मारायचं. आणि वानरं. एक टोळी गेली की वीस-पंचवीस कौलं खाली. कौलांखाली पत्रा घालणं हा आता बहुतेकांचा उपाय. घर थोडं गरम होतं, पण गळत नाही.

पाऊस इथे सरळ पडत नाही, नैर्ऋत्येकडून झड येते. पश्चिम आणि दक्षिणेच्या खिडक्यांना किमान अडीच फुटांचा छज्जा नसेल तर ती भिंत चार महिने ओली. हे फोटोत दिसत नाही, आतल्या बाजूला खिडकीखालचा रंग पाहिला की कळतं.

उन्हाळी_वाळवण
यात पाखाडी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यातली अर्धी सुंदर घरं रस्त्यापासून चाळीस-पन्नास दगडी पायऱ्या खाली असतात. दलालाच्या व्हिडिओत ती 'निसर्गरम्य वाट' म्हणून दाखवतात. संधिवाताच्या गुडघ्याला ती रोज दोनदा, पावसात शेवाळलेली. आणि १०८ ची रुग्णवाहिका वर रस्त्यावरच उभी राहते, पेशंट झोळीतून वर न्यावा लागतो. अट पक्की करा: गाडी दारापर्यंत. जोतं दोन पायऱ्यांपेक्षा उंच असेल तर उतार बांधायला जागा आहे का, तेही पाहा. शेवाळावर मेअखेरीस आणि श्रावणात ब्लीचिंग पावडर, कडक खराट्याने घासून.

फेरफार
आता कागदपत्रं. मसाल्यांनी सुरुवातीला जे लिहिलं ते शब्दशः खरं आहे.

१. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकत घेता येत नाही (कूळकायद्याचं कलम ६३). 'चार आंब्याची झाडं' असलेली जागा बहुतेक वेळा शेतजमीनच असते. दलाल म्हणेल, शेतकरी दाखला करून देतो. त्या वाटेला जाऊ नका, व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. तुमच्यासाठी अकृषिक प्लॉट, गावठाणातलं घर किंवा फ्लॅट एवढेच मार्ग. गावठाणाच्या हद्दीलगतची जमीन असेल तर तिच्या अकृषिक वापराचे कागद विकणाऱ्याने आधी आणावेत. 'नंतर होऊन जाईल' वर पैसे देऊ नयेत.

२. गावठाणातल्या जुन्या घराला सातबारा नसतो. विकणारा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा (नमुना ८) दाखवतो. तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. आता ड्रोन मोजणीनंतर अनेक गावांत मालमत्ता पत्रक मिळतं, ते मागा. नसेल तर जुने खरेदीखत, वारस नोंदी, तीस वर्षांचा शोध.

३. सामाईक खातं असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. 'सगळे चुलतभाऊ तयार आहेत' हे वाक्य पुरावा होत नाही. पोटहिस्सा पडलाय का, मोजणीची 'क' प्रत आहे का ते बघा.

४. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा, दुसऱ्याच्या झाडांचा हक्क, खाजगी वन अशी नोंद आहे का? कोकणात जमीन एकाची आणि तिच्यावरची झाडं दुसऱ्याची असं सर्रास असतं. म्हणजे आंबा तुमच्या अंगणात आणि पेटी शेजारच्याच्या घरात.

५. रस्ता. नकाशावर रस्ता नसेल आणि गडग्यातून (दगडी कुंपणातून) वाट असेल, तर ती वहिवाट नोंदवलेली आहे का?

६. सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र). २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर, लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी असेल तिथे भरतीरेषेपासून २०० मीटर नवं बांधकाम नाही. जास्त असेल तिथे ५० मीटर. खाडीकाठालाही वेगळी मर्यादा आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर गट नंबर टाकून बघायचा.

नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. राहतं घर फक्त वहिनींच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. संयुक्त नावावर ती मिळत नाही.

मालवणी_मसालो
म्हणजे वयनीच्या नावावर घर, भाऊंच्या नावावर पंप दुरुस्ती.

गोपाचल
सर्वांचे आभार. इतका तपशील अपेक्षित नव्हता. दोन शंका. पाण्याचं काय? तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात उन्हाळ्यात टंचाई असते असं बाहेरून ऐकलं, आश्चर्य वाटलं. आणि सौर ऊर्जा बसवली तर वीज जाण्याचा प्रश्न सुटेल ना?

चिरेबंदी
पाणी: जांभा सच्छिद्र असतो. पडलेलं पाणी आठवड्याभरात खाली नदीला आणि समुद्राला. म्हणून जुलैत काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलअखेर तळ दाखवते. किनाऱ्याला बोअर खोल नेली की मचूळ पाणी लागतं. पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ५०० पर्यंत असावा. पर्याय नसेल तर २,००० पर्यंत चालतं असं भारतीय मानक म्हणतं, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही.

हिशोब करा. दोघांना दिवसाला २७० लिटर. एप्रिल-मे या ६१ दिवसांना साधारण साडेसोळा हजार. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे गळती वजा जाता दोन लाख चाळीस हजार लिटर. वीस हजार लिटरची जमिनीखालची टाकी, पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून देऊन भरलेली, बंद झाकणाची, एवढ्यावर दोन महिने निभतात. गप्पी मासे सोडायला विसरू नका.

स्वस्त बंगला प्लॉट बहुतेक सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) असतात, हेही बघा. वारा भन्नाट, पण माती नाही, पाणी नाही. सेप्टिक टँकचा खड्डा ब्रेकरने फोडावा लागतो आणि त्याचं पाणी मुरत नाही, उताराने शेजाऱ्याच्या विहिरीकडे जातं. विहिरीपासून किमान पंधरा मीटर अंतर ठेवा.

सौर: सर्वात मोठा गैरसमज. महावितरणला जोडलेली साधी यंत्रणा, वीज गेली की तीही बंद पडते. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशीच रचना असते. वीज गेल्यावर चालायला हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. केंद्राचं अनुदान २ किलोवॅटला ६०,०००, ३ किंवा जास्तीला ७८,०००. आणि वीज जाते जुलैत, जेव्हा ढगांमुळे निर्मिती सर्वात कमी.

दोघांसाठी १५० एएचची एक बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर पुरतो. ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, चार दिवे, वायफाय मिळून १२० वॅट धरा. दहा-बारा तास निघतात. चक्रीवादळात मात्र बॅटरीचं काही चालत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती.

खाडीपलीकडे
चक्रीवादळ काय, २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर बुडालं तेव्हा तिथे काय चक्रीवादळ होतं? शहरातही पूर येतो.

फेरफार
बरोबर. म्हणून चिपळुणात घेतलंत तर वाशिष्ठीची पूररेषा बघूनच. जुन्या इमारतींच्या जिन्यात २००५ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून सापडतात.

घाटमाथा
विंचू-सापाचं कुणी लिहिणार नाही का? जांभ्याच्या कातळावर फुरसं (विषारी साप) भरपूर. लहानसं असतं, पाचोळ्यात दिसत नाही. गडग्याला लागून लाकडं रचू नका, रात्री बॅटरीशिवाय अंगणात जाऊ नका, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का ते दर पावसाळ्याआधी विचारा.

नाडीपरीक्षा
+१. आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, हातपाय न हलवता थेट रुग्णालय. दोडामार्ग-बांदा-सावंतवाडी पट्ट्यात जानेवारी ते मे माकडतापही (गोचिडीतून होणारा विषाणूजन्य ताप) असतो. माकड मेलेलं दिसलं तर त्या रानात जायचं नाही आणि आरोग्य खात्याला कळवायचं.

सुमाक्षी
माझा एकच प्रश्न. मासे खाता का?

गोपाचल
मी खातो. सौ. नाही.

मालवणी_मसालो
मग जून-जुलैत घरात शांतता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. सुक्या बांगड्याच्या वासावर मात्र वयनींशी आधीच बोलून ठेवा.

उत्तरकोकणी
सगळे तळकोकणातच का अडकलात? डहाणू, बोर्डी, केळवे बघा. चर्चगेटपासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत, चिकूच्या वाड्या, सपाट जमीन, पाखाड्या नाहीत.

रेल्वेवेडा
पनवेलचा मुलगा खूश, कोल्हापूरची मुलगी लांब. शिवाय डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. पुढची दहा वर्षं त्या पट्ट्यात ट्रक आणि जमिनीचे भाव दोन्ही वाढणार. अलिबागही तसंच: मांडव्याची रो-रो, वर अटल सेतू, त्यामुळे ४५ लाखांत आता तिथे काही हाती लागणं अवघड.

सुरंगी
मूळ प्रश्नाकडे येऊ या. माझं मत थोडं बदललंय. आधी विकत घेऊच नका. रत्नागिरीत मारुती मंदिर ते साळवी स्टॉप किंवा नाचणे भागात भाड्याने राहा, आणि तेही जूनमध्ये या. ऑक्टोबरात आलात तर सगळं कोकण सुंदरच दिसतं. एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा मे काढला की ओल, झड, वीज, पाणी, दमा आणि आंबा घाट या सगळ्यांचं उत्तर घरबसल्या मिळेल. शहरात कमी पावसाच्या वर्षी मेमध्ये दिवसाआड पाणी येतं, तेही कळेल. गाज ऐकायला भाट्ये किंवा मांडवी रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर.

खाडीपलीकडे
हे पटलं. तरी भाड्याच्या त्या वर्षात चार दिवस गुहागरला राहून बघाच.

फेरफार
भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. ऑनलाइन होते, नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. हाच नोंदणीकृत करार पत्त्याचा पुरावा म्हणून आधार बदलायला चालतो. मग शिधापत्रिका महाराष्ट्रात बदलून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण राज्यातल्या रहिवाशांना आहे, मध्य प्रदेशच्या कार्डावर मिळणार नाही. सत्तरीनंतर आयुष्मानचं वेगळं कार्ड निघेल, त्याला उत्पन्नाची अट नाही.

गोपाचल
ठरलं. मेअखेरीस येऊन रत्नागिरीत भाड्याचं घर बघतो. दापोली यादीतून काढली, कणकवली घातली. सौ.ने पाखाडीचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. फ्लॅट बघताना आणखी काय पाहावं?

चिरेबंदी
शेवटचा मजला नको, गच्चीवर पत्र्याची शेड असेल तरच. तळमजला घेतलात तर भिंतीचा खालचा दीड फूट हाताने चाचपून बघा. मेमध्येही रंगाचे फुगे असतील तर जुलैत तिथे पाणी पाझरतं. पहिला मजला सर्वात बरा, पण लिफ्टला जनरेटरची जोडणी आहे का विचारा. बाथरूमचं दार ९०० मिमी रुंद हवं, उंबरा नको. आणि पार्किंगमधला उतार पावसाचं पाणी लिफ्टच्या खड्ड्याकडे नेतो की रस्त्याकडे, ते बादलीभर पाणी ओतून बघायचं. मालक हसेल, हसू द्या.

मालवणी_मसालो
बादली घराकडसूनच घेऊन येवा. मेत थंय पाणी दिवसाआड येता.